कळसाच्या खालची भिंगरी

आमच्या धन्याला कुठलंच काम सरळ करता येत न्हाई. म्हशीचं दावं बांधायचं म्हनलं तरी आदी कागदावर चित्र काढनार, मंग दोरी मापनार, मंग त्या गाठीला पलटणीत काय म्हनत्यात ते सांगनार, आन तवर म्हस सुटून लोकाच्या शाळवात शिरलेली असती. मला कुनी इचारलं, रंगूबाई, तुझा नवरा कसा हाय गं, तर मी म्हनते, लय हुशार हाय, आन तीच तर पीडा हाय.

नाव मी घ्यायची न्हाई. माझी सासू बनुबाई त्येंना हंबीर म्हनती, गाव हंबीरराव म्हनतं, तुमी बी तसंच समजा. माझं म्हायेर आष्ट्याचं, सपाट काळ्या रानातलं. दिलं ते ह्या पाटणच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या उतारावर. हितं अंगनात घागर ठिवली तर गडगडत खालच्या आळीला जाती. लगीन झालं आन चवथ्या म्हयन्यात लढाई लागली. धनी पलटणीत वायरलेसच्या कामावर हुतं, ते गेलं. सात वर्सांत तीनदा रजेवर आलं. शेवटच्या रजेला आमचं कुत्रं त्येंच्यावर भुकलं, आन मी बी कुनी पावनं आलं म्हनून पदर वढून आत पळाले.

सेहेचाळीसच्या दिवाळीच्या तोंडावर धनी पलटणीतनं नाव कापून घरी आलं. कराडच्या ठेसनावरनं सामान बैलगाडीत घालून आनलं. गाडीत दोन लाकडी खोकी. एक तर इतकं मोठं की चौघांनी उतरवलं. मला वाटलं, शिलाईचं मशीन असंल. कुनाला सांगू नगा, पन मी मनात चोळीचं कापड बी बेतलं.

खोकं उघडलं. आत पुरुषभर लांबीची लाकडाची फळी, दोन्ही टोकाला मुरगाळल्यागत. संगं एक लोखंडाचा गोळा, एक पत्र्याचं शेपूट आन वायरची भेंडोळी.

“ह्ये काय वो?” मी इचारलं.

“पंखा हाय. वाऱ्यानं फिरतो. ह्यो गोळा म्हंजे डायनामो. पंखा फिरला की ह्येच्यात वीज तयार हुती, ती बॅटरीत साठती, आन बॅटरीवर रेडिओ लागतो, दिवा लागतो. ते सगळं त्या दुसऱ्या खोक्यात हाय.”

मिसरच्या वाळवंटात साहेबाच्या तंबूजवळ असलं एक चाक फिरत हुतं म्हनं. तवाच त्येंच्या मनानं घेतलं. लढाई संपल्यावर लष्कराचा उरलेला माल पुन्यात इकायला निघाला, त्यात ह्यो पंखा दिसला, आन धन्याला दुसरं काय दिसंनाच. मी फळी उलटून बघितली, पालटून बघितली. तिच्यातनं चोळी काय निगंना. थोरलं दीर लालासाहेब हसत म्हनालं, “लेका, सात वर्सं लढलास आन घरला भिंगरी घेऊन आलास व्हय?” त्या दिसापासनं सगळ्या गावात तिचं नाव भिंगरीच पडलं.

मी दोन दिस धन्याशी बोललेच न्हाई. तिसऱ्या दिशी पहाटं मी आन आत्याबाई जात्यावर बसलो हुतो. आत्याबाई म्हंजे माझी सासूच. त्या जात्याच्या तोंडात दान्याचा वैरा घालता घालता म्हनाल्या, “रंगे, हंबीरला जबलपूरचा कागद आलाय. नव्या पोरांस्नी वायरलेस शिकवाय उस्ताद म्हनून परत बोलवत्यात. चैतापतुर जाब धाडायचाय.”

“मंग?”

“मंग काय? रान थोरला बघतोय. ह्येच्या हाताला हितं काम न्हाई. हात रिकामं राहिलं तर ह्यो जातोय बघ. सात वर्सं काढलीस, आजून दहा काढ.”

माझा जात्यावरचा हात थांबला. सात वर्सं मी कशी काढली ते माझं मला ठावं. सनासुदीला जावा नवऱ्याला वाढायच्या आन मी दिराचं ताट घेऊन त्येंच्या मागं उभी. पोस्टमन दिसला की मी दाराआड उभी. कागद आला तर काय लिवलंय म्हनून भ्या, न्हाई आला तर का न्हाई म्हनून भ्या. त्या पहाटं मी ठरवलं, ही भिंगरी फिरली पायजे. फिरली तर धन्याला हितं काम ऱ्हाईल, आजूबाजूची गावं बोलवतील, मानूस घरात ऱ्हाईल. आता माझी तऱ्हा बघा. जिच्याकडं बघून माझं टाळकं फिरायचं, तिच्यासाठी मी भैरोबाला नारळ बोलले.

धन्याजवळ इंग्रजी पुस्तक हुतं. त्यात लिवलेलं, खांब तीस फुटाचा पायजे. कृष्णात सुतारानं सागाचा वीस हाती खांब तासला, चढायला दोन्ही अंगाला लोखंडी खिळं ठोकलं. परड्यात खड्डा काढला. खांब उभा करायला सगळा गाव आला, दोर धरून पंचवीस गडी. आमी बायांनी चा केला. खांब आर्धा वर उचलला, आन खालनं कोंडीबा गुरव धापा टाकत पळत आला.

“थांबा! थांबा म्हनतो न्हवं! देवाच्या कळसापरीस उंच ह्या गावात काय उभं राहात न्हाई!”

ही आमच्या गावाची जुनी रीत. कुनाचं घर, कुनाची माडी, भैरोबाच्या कळसाच्या वर जायची न्हाई. पाटलानं बी आपली माडी ह्याच पायी आर्धी सोडलेली. धन्याला ते ठावं न्हवतं असं न्हाई. पन सात वर्सं साहेबाच्या पुस्तकात डोस्कं घातल्यावर मानूस गावाचं इसरतो.

लालासाहेब म्हनालं, “आरं कोंडीबा, आमची आळीच कळसाच्या वर हाय. मी ओसरीवर जेवाय बसतो तवा तुझा कळस माझ्या पायाखाली दिसतो.”

कोंडीबानं जरा इचार केला आन म्हनाला, “बसल्याली मानसं देवाला चालत्यात. उभारलेला खांब चालत न्हाई.”

मंग काय, गडी दोर सोडून पारावर. सकाळपासनं दिवस कलंपतुर त्येंचा काथ्याकूट. देऊळ खालच्या आळीला, घर वरच्या आळीला, मापायचं कुठनं? शेवटाला ठरलं, ज्येनं त्येनं आपापल्या भुईपासनं मापायचं. कोंडीबा दोर घिऊन कळसावर चढला. देऊळ भरलं पंधरा हात आन एक टीच. म्हंजे वर पंख्याला जागा सोडून खांब चौदा हाताच्या वर न्हाई.

धन्यानं ऐकून घेतलं आन म्हनालं, “बरं.” एवढंच. घरला येऊन करवत काढली.

माझ्या तर तळपायाची आग मस्तकाला गेली. जर्मनासंगं लढून आलेला गडी, आन गुरवापुढं बरं म्हनून करवत काढतो! दाराआडनं मी म्हनलं, “आवं, पुस्तकात काय लिवलंय?”

“तीस फूट.”

“मंग?”

“पुस्तक साहेबाचं हाय, देव गावाचा हाय. साहेब काय हितं ऱ्हायला येत न्हाई.”

तासलेल्या सागाचा सहा हाताचा तुकडा कापून बाजूला पडला. मी तो गोठ्याच्या छपराला टेकू दिला. निदान म्हशीच्या तरी कामी आला.

चौदा हाती खांब उभा राहिला, वर भिंगरी बसली, आन भिंगरी काय हललीच न्हाई. हलंल कशी? एका अंगाला आमचं घर, दुसऱ्या अंगाला चिंच, मागं डोंगर. आन दिवस मार्गशीर्षाचं, झाडाचं पान हलंना. धनी रोज सकाळी वही घिऊन परड्यात जायचं, बोट ओलं करून वर धरायचं, आन वहीत लिवायचं, ‘शून्य’. दुपारी शून्य, दिवस मावळताना शून्य. वारं न्हाई हे लिवायला वही कशाला लागती मला सांगा. येनारा जानारा दारात थांबून इचारायचा, “काय हंबीरराव, वारं आज बी रजेवर का?” ह्ये हसायचं. मला हसू येत न्हवतं. मी चैत मोजत हुते.

पौषात एक वावटळ आली. भिंगरी अशी घुमली की घराची कौलं थरथरली, दुधात वरनं माती पडली आन म्हशीनं दावं तोडलं. ईस मोजंपतुर झालं, मंग पुन्यांदा गप. धनी पळत आत आलं, तोंडावर एवढा आनंद.

“बघितलंस?”

“बघितलं,” मी म्हनलं. “आता म्हस बघा कुठं गेली ती.”

शून्य लिवून झालं की ह्येंना दुसरं कायतरी सुचायचं. मला शिकवायचं सुचलं. मी भाकरी थापायला बसले की डायनामो खोलून माझ्या सुपात मांडायचं. ही लाल वायर, ही काळी वायर, ह्येची गाठ त्येला मारायची न्हाई. ही साखळी खालनं वढली की शेपूट वळतं आन पंखा थांबतो. बॅटरीत तेजाब असतं, हात घालायचा न्हाई. “आन ह्यो बघ कार्बन. बोटाच्या पेराएवढा काळा तुकडा, दोन अंगाला दोन. पंखा कितीबी फिरू दे, ह्यो नसंल तर वीज खाली येनार न्हाई. म्हयन्यातनं एकदा काढून पुसायचा.” मी पिठाच्या हातानं कार्बन काढला, पुसला, बसवला. भाकरी तव्यावर करपली. पुन्यांदा काढाय लावला, पुन्यांदा भाकरी करपली.

“आवं, मला कशाला शिकवताय ह्ये? बायामानसाचं काम हाय का?”

“घरात कुनाला तरी आलं पायजे,” धनी म्हनालं.

मला वाटलं, किती मायेनं शिकवत्यात. माझ्यासारखी खुळी मीच.

माघ लागला. शाळू काढून खळ्यावर आला. आमचं खळं गावाबाहेर, वरच्या खिंडीच्या तोंडाला. मळनी झाली की आत्याबाई उफणायला उभ्या राहायच्या. मामंजी गेल्यापासनं ते काम त्या दुसऱ्या कुनाला करू देत न्हवत्या. तिपाई वावडीवर चढायचं, सूप डोक्याच्या वर धरायचं आन वारं येईस्तवर थांबायचं. वारं आलं की सूप हलवायचं, दाना खाली पडतो, भुसकाट उडून लांब जातं. त्या दिवशी मी खालनं सुपं भरून देत हुते, आन धनी दुपारचं शून्य लिवून भाकरी घिऊन आलं. आत्याबाई वावडीवरनं म्हनाल्या, “हंबीर, तुझ्या त्या पुस्तकात वारं कुठं ऱ्हातं ते लिवलंय का?”

“उंचावर ऱ्हातं म्हनून लिवलंय.”

“उंचावर न्हाई, मुडद्या. वाटंवर ऱ्हातं. ह्या खिंडीतनं त्येची वाट हाय. दुपार कलली की आलंच. हितं बघ.” त्येंनी सूप हलवलं. भुसकाट असं गेलं की पार बांध वलांडून पलीकडच्या रानात पडलं. “आन आता त्या अंगाला जाऊन उभा ऱ्हा. दहा पावलं. तितं बघ काय हाय? कायबी न्हाई. चाळीस वर्सं मी हितं सूप धरलंय. तुझ्या आज्यानं हितंच खळं का केलं, तुझ्या घराच्या मागं का न्हाई केलं? पन आईला इचारील तर हंबीर कसला!”

धनी जाऊन दहा पावलांवर उभं राहिलं. बोट ओलं केलं. परत आलं, बोट ओलं केलं. मंग वही काढली आन कितीतरी येळ नुसती हातात धरून बसलं. तीन म्हयनं शून्य लिवलेली वही, आन वारं आईच्या सुपाखाली. मला वाटलं, आता तरी डोस्क्यात उजेड पडला.

खळं गावाच्या शिवंबाहेर. कोंडीबाला इचारलं, तर म्हनाला, “वेशीच्या भाईर देवाची काय हरकत न्हाई. तितं आभाळाला टेकवा.” मंग परड्यातला चौदा हाताचा खांब उपटला, गोठ्याचा टेकू काढला, आन कृष्णातानं लोखंडी पट्ट्या मारून दोन्ही तुकडं पुन्यांदा जोडलं. कापताना अख्खा दिवस, जोडताना तीन दिवस. टेकू काढल्यामुळं गोठ्याचं छप्पर बसलं ते येगळंच. मळनी उरकली हुती, तवा मळनीचं बैल बांधायची खळ्याची मधली मेढ काढून त्याच खड्ड्यात खांब रवला. आत्याबाईंनी त्येला हळद-कुंकू लावलं.

आन भिंगरी फिरली. दुपार कलली आन कुनी हात लावल्यागत हलली, मंग फिरली, मंग पातीच दिसंना झाली. मी भैरोबाचा नारळ फोडून आले.

पन आमच्या घरात सुखासुखी कायतरी झालंय का कवा? भिंगरी खळ्यावर, घर खाली गावात, आर्धा कोस. तेवढी वायर कुनाजवळ? म्हंजे बॅटरी खळ्यावर भरायची आन घरला वाहून आनायची. वाहायची कुनी? चुंबळ कुनाच्या डोक्याला हाय? माझ्या. दगडासारखी जड बॅटरी डोक्यावर घिऊन मी ती उतरंड उतरायची, आन धनी मागनं, “आडवी करू नगस, तेजाब सांडंल!” म्हनत यायचं. सांडलंच एकदा. माझ्या हिरव्या लुगड्याच्या पदराची चाळनी झाली. पन मी ब्र काढला न्हाई. चैत आला हुता.

पाडव्यानंतर दोन दिशी, दिवेलागनीला, धन्यानं ओसरीवर रेडिओ मांडला आन वर एक बल्ब टांगला. अंगनात सगळा गाव. खटका दाबला आन दिवा लागला. लख्ख. आत्याबाईंच्या तोंडावरच्या सुरकुत्या मी इतक्या लांबनं कवा बघितल्याच न्हवत्या. रेडिओतनं आदी खरखर, मंग कुनीतरी बाई गाया लागली. कोंडीबा गुरव दिव्याला हात जोडून उभा. लालासाहेब म्हनालं, “लेका हंबीर, मानलं तुला.” पाटलानं तर धन्याला शेजारी बसवून घेतलं. मला वाटलं, संपलं. कुठलं जबलपूर आन कुठलं काय. आता गावच सोडायचं न्हाई ह्येंना.

मानसं पांगली. मी ताट वाढलं. दिव्याच्या उजेडात धनी पयला घास घेऊन म्हनालं, “आता माझ्या जिवाचा घोर गेला बघ. घरात दिवा झाला, रेडिओ झाला. जगात कुठं काय चाललंय ते तुला घरबसल्या कळंल. सगळं चालवायला तुला येतंय. मी जबलपूरला येतो म्हनून कळवलंय. गुरवारी निघायचं.”

माझ्या हातात आमटीची पळी हुती, ती तशीच राहिली. म्हंजे मला शिकवलं ते ह्येच्यासाठी! म्हंजे चार म्हयनं मी भाकऱ्या करपवल्या, डोक्यावर दगडं वाहिली, लुगडं जाळून घेतलं, आन ते काय, तर माझ्या नवऱ्याला जायची वाट मोकळी करून द्यायला! त्येंच्या मनात भिंगरी म्हंजे माझ्या जवळ ठिवून जायची वस्तू. माझ्या मनात ती त्येंना ठिवून घ्यायची. आन चार म्हयन्यात आमी दोघांनी हे एकमेकाला इचारलं न्हाई. मी काय बोलले? काय न्हाई. आमटी वाढली. जाऊ नगा म्हनायची आमच्यात कुठं रीत हाय? पलटणीत निघालेल्या गड्याच्या हातावर दही ठिवायचं आन पाया पडायचं, एवढंच शिकवलेलं.

दुसऱ्या दिशी भर दुपारी मी बॅटरी भरायला लावते म्हनून खळ्यावर गेले. रानात चिटपाखरू न्हवतं. साखळी वढली, भिंगरी थांबली. कासोटा आवळला, पदर खोचला आन खिळ्यावर पाय ठिवला. ल्हानपनी आष्ट्याला मी चिंचंच्या शेंड्याला जात हुते, पन ती चिंच हलत न्हवती. ह्यो खांब जोडावर कुरकुरत हुता. चढता चढता मी कृष्णाताला, कोंडीबाला, जबलपूरला, सगळ्यांस्नी शिव्या घातल्या. वर पोचले. पिठाच्या हातानं काढायचे तसा कार्बन काढला, कनवटीला लावला. खाली बघितलं तर आत्याबाई. खांबाला दोन्ही हात लावून, मान वर करून उभ्या.

आता काय सांगू?

आत्याबाई म्हनाल्या, “दुसऱ्या अंगाचा बी काढ. एकानं भागायचं न्हाई.”

मी दुसरा बी काढला. खाली उतरेस्तवर त्या खांब धरून हुत्या. आमी दोघी घरला आलो. दोन्ही कार्बन मी हळदीच्या डब्यात तळाला घातलं.

बुधवारी दिवा मंदावला. धनी खळ्यावर गेलं, वर चढलं, लय येळ वरच बसलं. खाली आलं ते म्हनालं, “कार्बन पडलं वाटतं.” मंग जे सुरू झालं ते काय सांगू! बोटाच्या पेराएवढा काळा तुकडा, आन खळ्यावर भुसकाटाचा ढीग. आर्धा गाव चाळन्या घिऊन बसला. कोंडीबा गुरव चाळतोय, लालासाहेब चाळत्यात, आत्याबाई चाळत्यात, आन सगळ्यात पुढं मी, पदर खोचून, घाम पुसत. दोन दिस चाळलं. गुरवार निघून गेला. धनी म्हनालं, “नादुरुस्त टाकून कसा जाऊ?” पुन्याला पत्र घातलं, कार्बन धाडा. जाब न्हाई. आनिक एक घातलं. जाब न्हाई. जबलपूरला कळवलं, काम आडलंय, उशीर व्हईल. जबलपूरनं दुसऱ्याला घेतलं.

मंग पावसाळ्याच्या आदी खालच्या वाडीतलं हिरीवरचं इंजन बंद पडलं, ते धन्यानं चालू करून दिलं. मंग दुसऱ्यानं बोलवलं, तिसऱ्यानं बोलवलं. हात कामात गुंतलं, मानूस घरात राहिला. पन माझी खुशी पुरी न्हाई. खळ्यावर भिंगरी फिरायची. निम्मा गाव तिच्याकडं बघून चुकचुकायचा, फिरती पन काय देत न्हाई म्हनून. पंधरा ऑगस्टला देश मोकळा झाला तवा रेडिओ ऐकायला म्हनून सगळा गाव पाटणला पायपीट करत गेला. भर पावसात. आत्याबाई गुडघ्यानं लंगडत गेल्या, आन वाटंत माझ्याकडं एकदा असं बघितलं! मी मान खाली घालून चालले. घरात हळदीचा डबा, ओसरीवर आमचा मुका रेडिओ. मला लय लाज वाटली. पन डबा काय मी उघडला न्हाई. तवा आमची पोरगी विजयमाला पोटात हुती.

आता ह्या एकुनपन्नासच्या श्रावनात कचेरीनं धन्याचं पलटणीचं बुक मागितलं. ह्ये इंजनाच्या कामाला गेल्ते. मी ट्रंक उघडली. तळाला सिगारेटचा पत्र्याचा डबा लागला. झाकन काढलं. आत मेनकागदात गुंडाळलेलं चार कार्बन. नवं कोरं.

आदी मला वाटलं, माझंच ह्येंना घावलं. पळत जाऊन हळदीचा डबा उपसला. माझं दोन हुतं तितंच, पिवळं धमक. मंग मी भुईवर बसले. विजयमाला येऊन मांडीवर चढली, तिला बी कळंना आई अशी का बसली.

दिवस मावळायला धनी आलं. हातपाय धुवायच्या आदीच मी डबा पुढं धरला. “ह्ये काय वो?”

“कार्बन.”

“कवापासनं हायेत?”

“पयल्यापासनं. खोक्यातनंच आल्ते. दोन जोड जादा देत्यात.”

“मंग सगळ्या गावाला भुसकाट कशापायी चाळाय लावलंत?”

“तू चाळत हुतीस,” धनी म्हनालं. “म्हनलं, मी बी चाळतो.”

ह्ये पायरीवर बसलं आन पायावर पानी घेत म्हनालं, “वरनं तिसऱ्या खिळ्याला तुझ्या हिरव्या पदराची चिंधी अडकलेली. जळक्या टोकाची. वर गेल्या गेल्या दिसली.”

“मंग तवाच बोलला का न्हाई?”

धन्यानं तांब्या खाली ठिवला. “ह्या उंबऱ्यातनं मी चारदा गेलो. आईनं दही दिलं, तू पाया पडलीस. जाऊ नगा म्हनून एकदा बी कुनी म्हनलं न्हाई. मला वाटायचं, गेलो काय आन ऱ्हायलो काय, हितं कुनाचं आडत न्हाई. मंग ती चिंधी बघितली. म्हनलं, वीस हात वर चढून सांगितलंय हिनं. आता कुठं जायचं?”

मला रडू आलं. पन राग त्येच्या आदी आला. “आवं, अडीच वर्सं! अडीच वर्सं मी चिमनीच्या धुरात डोळं फोडून घेतलं! पोरगी काळोखात चालाय शिकली! पंधरा ऑगस्टला तुमची आई लंगडत पाटणला गेली, आन तुमच्या ट्रंकंत चार कार्बन!”

“आन तुझ्या हळदीत दोन,” धनी म्हनालं. “तू काढलंस, मला वाटलं, तुझी भीती गेली की तूच बसवशील. म्हनून थांबलो.”

आतनं आत्याबाई वरडल्या, “आरं, झालं असंल तुमचं तर बसवा की आता! मला सुईत दोरा ववता येईना झालाय!”

धनी उठलं, हात पुसलं आन माझ्यापुढं पसरलं. “कुठलं बसवू?”

मी हळदीतलं दोन्ही कार्बन पदरानं पुसून त्येंच्या हातावर ठिवलं. मंग त्येंचं चार नवं उचललं, हळदीच्या डब्यात तळाला घातलं आन झाकन गच्च लावलं. ह्येंनी ते बघितलं, आन माझं दोन मुठीत धरून खळ्याच्या वाटंला लागलं.